अण्णांचा चार्ज

माझे वडील गेली तीन वर्षं आखातातल्या एका बंदरावर पोस्टमास्तर आहेत. राहतात ठाकूरद्वारला, दुसऱ्या मजल्यावर, माझ्याबरोबर. पण हे त्यांना कोण सांगणार?

वय सत्त्याण्णव. कान शाबूत, दात बरेचसे स्वतःचे, आवाज तर असा की खालच्या वाण्याला ऐकू जावा. डोकं मात्र मागे मागे जात स्वातंत्र्याच्या सालापाशी येऊन थांबलं आणि तिथून काही केल्या हलेना. एखाद्याचं डोकं लहानपणात जाऊन बसतं, कैऱ्या पाडतं, विटीदांडू खेळतं. आमचे अण्णा नोकरीत जाऊन बसले. तीही अशी नोकरी, जिथून त्यांना सुटका मिळत नव्हती. कप्पाळ माझं!

आता कोणाला सांगितलं तर पटत नाही, पण त्या काळी आखातातल्या बंदरांवरची टपाल कचेरी इथून चालायची. माणसं इथली, तिकिटं इथली, हिशेब रुपये-आण्यांत. अण्णा विशीत क्लार्क म्हणून तिकडे गेले. वर्षभरात तिथले पोस्टमास्तर दुखण्याने रजेवर गेले ते परतलेच नाहीत आणि चार्ज अण्णांच्या गळ्यात पडला. हाताखाली टपाल लावणारा एक सॉर्टर, एक शिपाई. बाहेर ऊन, आणि पंधरवड्याने वगैरे येणारी बोट.

मग राज्य गेलं. साहेबाचं गेलं, आपलं आलं, इकडे गिरगावात लोकांनी रस्त्यावर पेढे वाटले. पण समुद्रापलीकडच्या त्या दोन खोल्यांच्या पोस्टाचा मालक आता कोण, हे अण्णांना कोणी धड कळवेना. आधी आपली तिकिटं होती. मग तीच तिकिटं आली, राजाच्या तोंडावर ‘पाकिस्तान’ छापलेली. मग थेट विलायतेची आली, त्यांच्यावर आण्यांचा आकडा ठोकलेला. राजा तिन्हींवर तोच. मुंबईला लिहिलं तर उत्तर, हे ऑफिस आता आमच्याकडे नाही. कराचीला लिहिलं तर उत्तर, तुम्ही आमचे नाही. तिसरीकडे लिहिलं तर उत्तर, माणूस पाठवतो, थांबा. कोणाचं चुकलं असंही नाही म्हणता येत, सगळीकडेच तेव्हा धुरळा उडालेला. अण्णा थांबले.

कारण चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हा त्यांचा धर्म होता. चार्ज घ्यायला येणारा माणूस म्हणजे रिलीव्हर. तो आला की दोघांनी समोरासमोर बसून सगळं मोजायचं. तिकिटं, थैल्या, ठप्पे, किल्ल्या, अगदी लाख वितळवायच्या डबीपर्यंत. मोजणी संपेपर्यंत दोघांनी चहा घ्यायचा नाही. मग सह्या, मग चहा, आणि चहा झाला की जुन्या माणसाने त्या खोलीत पुन्हा टेकायचंसुद्धा नाही. तो सुटला. अण्णांनी हे मला लहानपणापासून इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेत चार्ज देऊ शकेन.

याच मधल्या काळात त्यांची आई इथे, याच खोलीत, आजारी पडली. घरचं पत्र बोटीने आलं, अण्णांनीच उघडलेल्या थैलीतून आलं. त्यांनी आधी गावाचं सगळं टपाल लावलं, मग स्वतःचं पत्र वाचलं. बोट बंदरात उभी होती. शिपायाच्या हातात किल्ल्या देऊन चढले असते तर कोण विचारणार होतं? सरकारच नव्हतं विचारायला! पण रिलीव्हर आला नव्हता. बोट गेली. पुढच्या बोटीने दुसरं पत्र आलं, ते वाचायची गरज नव्हती. रिलीव्हर त्यानंतर कधीतरी उगवला. अण्णा ही गोष्ट सांगायचे ती “टपाल एकदाही चुकलं नाही” इथे संपवायचे, आणि उठून आंघोळीला जायचे. त्यांच्या आईचं काय झालं ते मला माझ्या आईने सांगितलं.

तर हे अण्णा आता खिडकीपाशी टेबल घेऊन बसतात. औषधाच्या बाटलीचं झाकण हातात धरून जुन्या वर्तमानपत्रांवर ठप्पे मारतात. ठप, ठप, ठप, दिवसभर. लाइटचं बिल, लग्नपत्रिका, माझा पेन्शनचा कागद, हाताला लागेल ते टपाल. जेवण टेबलावरच. निजायचं टेबलाशेजारच्या खाटेवर, एक हात टेबलाच्या पायावर. संडासला जाताना मला खुर्चीत बसवून जातात, कारण खुर्ची रिकामी ठेवायची नाही. मी कोण? मी सॉर्टर. बाईला सॉर्टर कोणी नेमलं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. पडला असता तर बरं झालं असतं.

“ए सॉर्टर, थैली बांधलीस?”

“बांधली, अण्णा.”

“लाख?”

“लावली.”

“मग अशी तोंड पाडून काय उभी आहेस? बोट यायची वेळ झाली.”

मी विमा कंपनीत सदतीस वर्षं नोकरी केली. लग्न जमलं नाही, मीही फार जमवलं नाही, त्याचं दुःख नाही. रिटायर झाल्यावर फिरायचं ठरवलं होतं. नकाशे आणले होते. कुठलं फिरणं! भाजीवाला खाली आला की गॅलरीतून दोरीने टोपली सोडते. दळण शेजारच्या वहिनी आणतात. खाली दुधाची पिशवी घ्यायला गेले तरी वरून हाक येते, “सॉर्टर कुठे उलथला?” आणि साऱ्या वाडीला ऐकू जाते. आजाऱ्यांचं बघणाऱ्या, ब्यूरोच्या बायका ठेवून पाहिल्या. परका माणूस टपालाजवळ नको, म्हणून अण्णांनी एकीला काठी दाखवली, दुसरीला मारलीच. मला राग येतो. देवासारखा माणूस, लोक म्हणतात, तुझं भाग्य. म्हणणाऱ्यांनी एक आठवडा येऊन हे भाग्य भोगावं आणि मग बोलावं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

अशात गेल्या वर्षी आंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली.

महिनाभर मी कोणाला बोलले नाही. बोलून जाणार कुठे होते? शेवटी वहिनींनीच ओळखलं, स्वतः अण्णांच्या खुर्चीत बसल्या, शिव्या खाल्ल्या आणि मला परळला हॉस्पिटलात पाठवलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. तिने कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, “मावशी, आत्ता काढली तर बऱ्याच आशा आहेत. पावसाळ्यापर्यंत थांबलात तर मी काही सांगू शकत नाही. या महिन्यात ॲडमिट व्हा. घरी कोण आहे?”

“वडील,” मी म्हणाले.

“मग छान आहे की,” ती म्हणाली. मी हसले. ती बिचारी गोंधळली.

माझा भाऊ टोरोंटोला. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. त्याने फोनवर मला पाहिलं, रडला, आणि डोळे पुसून लगेच प्लॅन सांगितला. दादरला एक वृद्धाश्रम आहे, लिफ्ट आहे, नर्स आहे, तिथे अण्णांना महिनाभर ठेवायचं. “तू इमोशनल होऊ नकोस. उचलायचं आणि न्यायचं. सिंपल.”

“तू ये आणि उचल,” मी म्हणाले. त्याला सुट्टी नव्हती.

वृद्धाश्रमाची दोन माणसं व्हीलचेअर घेऊन आली. चांगली, शांत माणसं. “चला आजोबा, फिरायला जाऊ,” एवढंच म्हणाली. अण्णांनी टेबलाला मिठी मारली आणि असे ओरडले, “लुटतायत! टपाल लुटतायत!” की वाडीतले झाडून सगळे गॅलरीत आले. एकाने त्यांचा हात सोडवायचा प्रयत्न केला तर त्याला मनगटाला चावले. दात स्वतःचे असण्याचा हा तोटा. माणसं म्हणाली, ताई, असं जबरदस्तीने नाही नेत आम्ही, वय बघा, काही झालं तर? बरोबर होतं त्यांचं. व्हीलचेअर रिकामी खाली गेली आणि अण्णा संध्याकाळपर्यंत थरथरत होते. मी त्यांना भात भरवला. मलाही घास जात नव्हता.

मग वहिनींना युक्ती सुचली. “अगं, रिलीव्हर हवाय ना त्यांना? देऊ या की रिलीव्हर!”

वहिनींचे यजमान, आमचे भावजी, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. उंच, गोरे, भारदस्त. मुलीच्या लग्नातला सूट बाहेर काढला. टाय बांधला. मी वर्तमानपत्रांचे गठ्ठे दोरीने बांधून ठेवले, चहाचं आधण तयार ठेवलं, अण्णांची बॅग भरून दाराआड ठेवली. भावजींना सगळं पढवलं. ते म्हणाले, “अहो ताई, आयुष्यभर चार्ज घेतले आणि दिले. मला काय शिकवता?”

ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, “गुड मॉर्निंग. मी चार्ज घ्यायला आलोय.”

अण्णा उभे राहिले. कितीतरी महिन्यांत मी त्यांना त्या खुर्चीतून असं झटक्यात उठताना पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले त्यांचे. “या,” म्हणाले. “या, या. फार वाट पाहायला लावलीत.” वहिनींनी माझा हात घट्ट धरला.

मग अण्णांनी विचारलं, “कोणाच्या वतीने घेताय?”

आम्ही टायचा विचार केला होता, बुटांचा केला होता. याचा नव्हता केला. भावजींनी छाती काढली आणि म्हणाले, “भारत सरकारच्या!”

“हे ऑफिस भारत सरकारचं राहिलं नाही आता,” अण्णा सावकाश म्हणाले. मी मागून हातवारे केले. भावजी चाचरले, “म्हणजे… वरून ऑर्डर आहे.” आणि अण्णांनी ते चालवून घेतलं! मला दिसत होतं, त्यांना चालवून घ्यायचंच होतं. इतकं जायचं होतं त्या माणसाला. त्यांनी पहिला गठ्ठा दोन्ही हातांनी पुढे केला. “घ्या. मोजून घ्या.”

“छे हो, अण्णा! तुमच्यावर विश्वास आहे आमचा,” भावजी म्हणाले, आणि खिशातलं पेन काढून सही ठोकली.

झालं! अण्णांनी गठ्ठा परत ओढून घेतला. भावजींना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “न मोजता सही करणारा माणूस चोर तरी असतो, नाहीतर वेडा. कोणालाही चार्ज देता येत नाही. निघा.” आणि खाली बसले.

भावजी जिन्यात बसून राहिले, सूटसकट. “जन्मभर एक बंडल न मोजता घेतलं नाही हो मी,” ते म्हणत होते. “नाटक आहे असं धरून चाललो.” वहिनींनी त्यांना जे काही सुनावलं ते इथे लिहीत नाही. नाटक आमचं होतं. त्यांची नोकरी खरी होती.

त्यानंतर अण्णा जास्तच आवळून बसले. आता सॉर्टरवरही विश्वास उरला नाही. संडासला जायलाही खुर्ची सोडेनात, मग पुढचं सगळं माझ्याकडे आलं, धुणं, पुसणं. इकडे हॉस्पिटलातून फोन. मावशी, सोमवारी या. मावशी, बेड ठेवलाय. मावशी, येताय ना? भाऊ तिकडून रोज नवीन आयडिया पाठवत होता, एकदा तर झोपेचं औषध देऊन न्या म्हणाला. अण्णांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, या वयात, या हृदयाला? जबाबदारी तुमची. सगळ्याच जबाबदाऱ्या माझ्या होत्या, ही एक नको होती. रात्रंदिवस ते ठप, ठप, आणि हात नकळत छातीकडे जायचा, गाठ आहे ना जागेवर, वाढली का. चार भिंती, मी आणि ते. मला वाटायचं, एक दिवस आमच्यातलं कोणीतरी मेल्यावरच हे दार उघडणार.

त्या शनिवारी दुपारी मी त्यांना आमटीभात नेऊन ठेवला. त्यांनी ताट बाजूला सारलं, आमटी कागदांवर सांडली, आणि ते माझ्यावर खेकसले, “टपाल भिजवलंस! गाढवा!”

माझा बांध फुटला. मी आयुष्यात त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. “मरू दे ते टपाल! मी मरतेय, कळतंय का तुम्हाला? गाठ आहे. सोमवारी कापायचंय. गेले नाही तर मरायचं आहे! आणि तुम्ही हे झाकण आपटत बसा. कोणी येणार नाही इथे. तुम्ही सुटत नाही, मला सुटू देत नाही. काय पाप केलंय मी?” खाली कुठेतरी रेडिओ चालू होता, तो कोणीतरी बंद केला. मी जमिनीवर बसले आणि भोकाड पसरलं. पासष्टाव्या वर्षी. अण्णांचा हात थांबला.

“कोणाला गाठ आहे?” त्यांनी विचारलं. आवाज वेगळाच होता. “घरी कोण आजारी आहे? आई?”

माझी आई जाऊन वीस वर्षं झाली. पण मला त्या क्षणी काही समजावून सांगायची ताकद नव्हती. “हो,” मी म्हणाले. “आई.”

“मग रजा का नाही मागितलीस?”

मी वर पाहिलं.

“सॉर्टरची रजा माझ्या अधिकारात आहे,” अण्णा म्हणाले. “बदली माणूस मी घेऊ शकतो. माझी रजा माझ्या हातात नाही, तुझी आहे. इतके दिवस तोंड शिवलं होतं का तुझं?” त्यांनी भिजलेला कागद झटकला. “टपाल थांबतं रे. आई थांबत नाही. सोमवारच्या बोटीने जा.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. आम्ही सगळे मिळून त्यांना सोडवायला निघालो होतो. दादरचा आश्रम, भावजींचा सूट, टोरोंटोच्या आयडिया, सगळं त्यांना उठवण्यासाठी. खरं सुटायचं मला होतं, आणि मला सोडवणारा माणूस खिडकीपाशी बसला होता. नुसतं विचारायचं होतं.

रविवारी ब्यूरोने लालबागहून एक बाई पाठवली. मालवणकडची, पन्नाशीची, हाडापेराने मजबूत. मी तिला जिन्यातच सगळं सांगितलं. ती म्हणाली, “माका सगळा चलता. माझो सासरो माका भूत समजा होतो.” तिला घेऊन मी टेबलासमोर उभी राहिले. “अण्णा, हा बदली माणूस.”

अण्णांनी तिला बघितलं. “वाचता येतं?”

“येता.”

“मग उभी काय? मोजून घे तिच्याकडून.”

आणि मी माझा चार्ज दिला. गोळ्यांच्या पट्ट्या, सकाळच्या वेगळ्या, दुपारच्या वेगळ्या. चादरी, लंगोट, पावडर. किल्ल्या. थर्मामीटर. ताट, वाटी, त्यांचा तो एकच चमचा ज्याने ते खातात. गॅसचं बटण कसं अर्धवट फिरतं ते. बाई मोठ्याने मोजत होती आणि अण्णा बोटाने टेबलावर आकडे धरत होते. एक गोळ्यांची पट्टी कमी भरली तेव्हा दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी घामाघूम झाले. ती फडताळाखाली सापडली. मोजणी संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं, आत्तापर्यंतचं माझं सगळं आयुष्य त्या एका टेबलावर मावलं होतं. मला बरं वाटलं नाही ते बघून.

वहिनींनी चहा आणला. सवयीने मी स्टुलावर टेकायला गेले.

“अं हं,” अण्णा म्हणाले. “आता बसायचं नाही. तू सुटलीस.”

स्वतःच्या घरात, ज्या खोलीत जन्मले त्या खोलीत, मी उभ्याने चहा प्यायले. त्यांनी माझ्याकडे पुन्हा पाहिलंही नाही, बाईला थैली बांधायला शिकवत होते. मी दाराशी घुटमळले तसे मान न वळवता म्हणाले, “निघ आता. बोट चुकेल.”

ती रात्र मी वहिनींकडे काढली आणि सोमवारी परळला दाखल झाले. ऑपरेशन झालं. वॉर्डात सोळा बायका, कण्हणं, सलाइनच्या नळ्या, पहाटे येणारी झाडूवाली. आणि मी झोपले! इतकी झोपले की नर्स मला हलवून बघायच्या. कोणी हाक मारत नव्हतं. ठप ठप नव्हतं. मला सुख वाटलं, सांगायला लाज कसली? बाजूची बाई घरी जायचं म्हणून दिवस मोजायची आणि मी देवाला म्हणायचे, अजून थोडं राहू दे. लालबागच्या बाईला रोज फोन करायचे. “बाय गो, आजोबा बरे आसत. माका साडीवर ठप्पो मारलो,” एवढंच ती सांगायची.

डॉक्टर मुलगी म्हणाली, सगळी निघाली, आता औषधं वेळेवर. मग घरी सोडलं. वहिनींनी टॅक्सीतून आणलं. जखमेची नळी अजून होती, तिची पिशवी मी पदराखाली धरली होती. जिना चढताना एकेका पायरीवर मला वाटत होतं, चढू नये. वर ठप ठप ऐकू येत होतं.

बाईने दार उघडलं. अण्णांनी वळून पाहिलं. मला वाटलं, हाकलून देतील, सुटलेल्या माणसाचं इथे काय काम म्हणतील.

“आलीस?” ते म्हणाले.

“आले.”

“आई भेटली?”

कोणाची आई, हे विचारायची सोय नव्हती. त्यांच्या लेखी आई एकच होती, गिरगावातली, याच खोलीतली, बोट न पकडल्यामुळे न भेटलेली. मी नाही म्हणाले असते तर ते तोंड मला बघवलं नसतं.

“भेटली,” मी म्हणाले.

“बरी आहे?”

“बरी आहे.”

“माझं विचारलं तिने?”

“रोज विचारते,” मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

अण्णांनी झाकण खाली ठेवलं. मग दोन्ही हात टेबलावर टेकून खुर्ची मागे सारली आणि उभे राहिले. कोणीही न धरता. चेहरा असा निवळला होता की मी लहान असताना तरी तो तसा पाहिला होता की नाही, आठवत नाही.

“मग निघतो मी,” ते म्हणाले. “पुरे झालं. रिलीव्हर येईल तेव्हा येईल, तू बस खुर्चीत. मी चाललो आईकडे.”

हेच वाक्य ऐकायला मी तीन वर्षं देव पाण्यात घातले होते. उठा अण्णा, सोडा ती खुर्ची. आणि आता ते उठले होते आणि मला कळलं, त्यांची आई कुठे आहे, ते कुठे निघालेत. लालबागच्या बाईलाही कळलं, तिने तोंडाला पदर लावला. मी इतकी घाबरले की नळीचं भान राहिलं नाही. पुढे झाले, त्यांचे दोन्ही खांदे धरले. हाडंच उरलीत नुसती त्यांच्या खांद्यांत.

“असं कसं जाता येईल, अण्णा?” मी म्हणाले. “चार्ज कोणाला दिलात? रिलीव्हर आलेला नाही अजून.”

ते माझ्याकडे बघत राहिले.

“खरंच की,” ते म्हणाले, आणि खाली बसले.